सडपातळ खांबाचा भरवसा

खडकवासल्याच्या धरणावर १९०३ साली विश्वेश्वरय्यांनी बसवलेले स्वयंचलित दरवाजे मला नेहमीच फार समंजस रचना वाटत आले आहेत. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढलं की दरवाजे आपोआप उघडतात, जादा पाणी निघून जातं, पातळी उतरली की ते पुन्हा मिटतात. भार वाढला की ही रचना आपला भार आपणच हलका करते. अभियंता दिनाच्या या स्मृतिव्याख्यानासाठी मी निवडलेला विषय नेमका उलट्या स्वभावाचा आहे. उंच आणि बारीक खांबावर भार वाढत गेला की तो स्वतःचं काम आणखी अवघड करून घेतो. तो जरासा वाकतो, वाकला म्हणून वरचा भार त्याला जास्त वाकवतो, आणि जास्त वाकला म्हणून भाराला आणखी बळ मिळतं. अशा खांबाचा भरवसा कसा ठरवायचा, हा आजचा प्रश्न आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. खांब तपासताना आपण तो कशाचा बनला आहे हे मोठ्या काळजीनं मोजतो. सडपातळ खांबाचं भवितव्य मात्र तो किती सरळ आहे आणि त्याला कुठे कुठे धरून ठेवलं आहे यावर ठरतं. या दोन गोष्टी आपण फार कमी मोजतो, आणि मोजल्या तरी कुठे लिहून ठेवत नाही.

खांब दोन तऱ्हांनी हार खातो. जाड आणि बुटका असेल तर तो चिरडतो. उंच आणि बारीक असेल तर चिरडायची वेळ येण्याआधीच बाजूला लचकतो. यालाच आपण बकलिंग म्हणतो. खराट्याचा एक वीतभर हीर घ्या, टोकं दोन बोटांत धरून दाबा. तो लगेच कमानीसारखा वाकेल. मोडून अर्धा करा आणि पुन्हा दाबा. आता बोटाला टोचेल, पण तितक्या सहजी वाकणार नाही. हीर तोच, त्याचं लाकूड तेच, फक्त लांबी बदलली. मुसेनब्रुक या डच शास्त्रज्ञानं १७२९ साली लाकडी दांड्यांवर प्रयोग करून दाखवलं की असा दांडा पेलू शकतो तो भार लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. पुढे ऑयलरनं १७४४ मध्ये आणि मग १७५७ मध्ये त्याचं गणित मांडलं. त्या सूत्रात तीनच गोष्टी येतात: पदार्थाचा ताठरपणा, छेदाचा आकार आणि लांबीचा वर्ग. पदार्थाची ताकद, म्हणजे तो किती ताणाला शरण जातो ही संख्या, त्यात कुठेच नाही. साध्या पोलादाऐवजी दीडपट ताकदीचं महाग पोलाद वापरलं तरी खऱ्या अर्थानं सडपातळ असलेल्या खांबाची क्षमता जवळपास तेवढीच राहते, कारण दोन्ही पोलादांचा ताठरपणा सारखाच, चौरस मिलिमीटरला सुमारे दोन लाख न्यूटन. अनेक वर्षं बांधकामात घालवलेल्या माणसालाही हे पचायला वेळ लागतो, आणि यात त्याचा दोष नाही. मजबूत माल वापरला की रचना मजबूत होते ही आपली समजूत इतर बहुतेक ठिकाणी खरीच ठरते.

आकडे घेऊन पाहू. स्लॅबच्या सेंटरिंगखाली टेकू म्हणून वापरतात तो साधा पाईप घ्या: बाहेरचा व्यास ४८.३ मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. नुसत्या पोलादाच्या ताकदीवर हिशेब केला तर तो साधारण साडेअकरा टन पेलतो. तोच पाईप ३ मीटर उंच उभा केला, दोन्ही टोकं फक्त टेकलेली, मध्ये कुठेही आधार नाही, तर ऑयलरच्या हिशेबानं तो सुमारे २.६ टनांवर लचकतो. आता त्याच्या मध्यावर, दोन्ही दिशांनी, आडवे पाईप क्लॅम्पनं घट्ट बांधा आणि ते पाईप कुठेतरी भक्कम जागी नेऊन अडकवा. लांबी निम्मी झाली, म्हणून लचकण्याचा भार चौपट, दहा टनांच्या वर. प्रत्यक्षात त्याहून कमी मिळतं, कारण तिथे पोलादाची स्वतःची मर्यादाही आडवी येते, पण तरीही आधीच्या मानानं कितीतरी जास्त. उलट दुमजली उंचीच्या प्रवेशद्वारावरच्या स्लॅबसाठी तोच पाईप ६ मीटर उंच उभा केला आणि आडवे पाईप ‘नंतर लावू’ म्हणून राहिले, तर त्याची क्षमता उरते जेमतेम साडेसहाशे किलो. साडेअकरा टन आणि साडेसहाशे किलो, या दोन आकड्यांमध्ये मालाचा काहीच संबंध नाही. पाईप एकाच गाडीतून उतरलेले, एकाच प्रतीचे. फरक आहे तो विनाआधार उंचीचा, म्हणजेच आडव्या नळ्यांचा आणि त्या आवळणाऱ्या क्लॅम्पचा. ओतकाम चालू असताना सेंटरिंगसह स्लॅब कोसळल्याच्या बातम्या वाचताना मला सिमेंटच्या प्रतीपेक्षा आधी या आडव्या पाईपांचा विचार येतो.

हे सगळं आदर्श, अगदी सरळ खांबाचं झालं. खरा खांब जन्मतःच थोडा वाकडा असतो. आयर्टन आणि पेरी यांनी १८८६ मध्ये याच वाकडेपणाला हिशेबात घेतलं, आणि आपल्या पोलादी बांधकामाच्या २००७ च्या मानकातले बकलिंगचे आलेख आजही त्यांच्याच मांडणीवर उभे आहेत. त्या मांडणीतली एक गोष्ट सामान्य श्रोत्यानंही लक्षात ठेवण्यासारखी आहे. समजा, खांबाला मुळात १० मिलिमीटरचा बाक आहे. क्षमतेच्या निम्मा भार आला की बाक २० मिलिमीटर होतो. भार आठ-दशांश झाला की ५०, आणि नऊ-दशांश झाला की १००. पहिला अर्धा भार १० मिलिमीटर वाढवतो. शेवटच्या टप्प्यात फक्त एक-दशांश भार ५० मिलिमीटर वाढवून जातो. याचा अर्थ सडपातळ खांब सूचना देत नाही असं नाही. तो देतो, पण उशिरा देतो, आणि ज्याच्याकडे सुरुवातीची नोंद असेल त्यालाच ती वाचता येते.

१९०७ साली कॅनडातल्या क्वेबेकच्या पुलावर याची किंमत मोजली गेली. सेंट लॉरेन्स नदीवर १,८०० फुटांचा मधला गाळा घेणारा कँटिलिव्हर पूल उभा राहत होता. मूळ विचार १,६०० फुटांचा होता. गाळा वाढला, पण वाढलेल्या वजनाचा हिशेब वेळेवर नव्यानं झाला नाही. त्या पुलाच्या खालच्या दाब सोसणाऱ्या कॉर्ड एकसंध नव्हत्या. पोलादाच्या उभ्या पट्ट्या शेजारीशेजारी ठेवून त्यांना आडव्यातिरप्या लेसिंगनं रिव्हेट मारून एकत्र बांधलं होतं. अशा जोडखांबाची ताकद त्या उभ्या पट्ट्यांत जितकी असते तितकीच त्यांना एकत्र धरणाऱ्या लेसिंगमध्ये असते, आणि ते लेसिंग फार हलकं होतं. ऑगस्ट महिन्यात दक्षिण बाजूच्या एका कॉर्डचा बाक आठवडाभरात पाऊण इंचावरून दोन इंचांच्या वर गेला. जागेवरचा निरीक्षक नॉर्मन मॅकल्युअर ही मापं घेऊन न्यूयॉर्कला, सल्लागार अभियंता थिओडोर कूपर यांच्याकडे गेला. कूपर यांनी आणखी भार घालू नये अशी तार कंत्राटी कंपनीला पाठवली. तार पोचली, पण पुलावरचं काम थांबलं नाही. २९ ऑगस्टच्या संध्याकाळी, दिवसाचं काम संपत आलेलं असताना, पुलाचा दक्षिण भाग खाली आला आणि पुलावरच्या ८६ कामगारांपैकी ७५ जण मृत्युमुखी पडले. त्यांतले ३३ काह्नवाके वस्तीतले मोहॉक होते.

या घटनेचा विचार करताना बहुतेक जण कूपर यांचा दोष, लेसिंगची जाडी, वजनाचा चुकलेला हिशेब यांवर थांबतात. हे सगळं खरंच आहे. पण मला सर्वांत जास्त छळतो तो त्या शेवटच्या दिवसांतला वाद. कॉर्डमधला बाक भारानं आला आहे की कारखान्यातून येतानाच होता, यावर जागेवरची आणि कंपनीतली माणसं एकमेकांशी हुज्जत घालत राहिली. दोन इंच हे माप सगळ्यांच्या समोर होतं. ते ज्याच्याशी ताडून पाहायचं, ती बसवतानाची सर्वांना मान्य नोंद कुणापाशी नव्हती. प्रत्येक कॉर्ड बसवताना ती किती सरळ होती याची चोख नोंद सर्वांच्या हातात असती, तर वाद एका मिनिटात मिटला असता. बाक वाढतो आहे, आणि वेगानं वाढतो आहे, हे कळायला ऑयलरचं गणितही लागलं नसतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. मानकांमध्ये सुरक्षा गुणांक असतात ना? भार दीडपट धरा, काँक्रीटची ताकद दीडानं भागा, पोलादाची १.१५ नं, मग थोड्याफार चुका त्यात सामावल्या जातातच. जाड खांबापुरतं हे बरोबर आहे, कारण तिथे चूक ज्या प्रमाणात, हानीही साधारण त्याच प्रमाणात. सडपातळ खांबात मात्र लांबीचा वर्ग येतो. आपण धरलेली परिणामी लांबी, म्हणजे खांब लचकताना जेवढ्या लांबीच्या खांबासारखा वागतो ती लांबी, प्रत्यक्षात साडेबावीस टक्क्यांनी जास्त निघाली की दीडचा सगळा गुणांक खर्च झाला. ३ मीटर समजून चाललो आणि तो खांब ३.६७ मीटरच्या खांबासारखा वागला, एवढंच पुरे. आणि परिणामी लांबी ही टेपनं मोजायची वस्तू नाही. दोन्ही टोकं घट्ट धरलेल्या खांबाची परिणामी लांबी सिद्धांतात निम्मी होते, वरचं टोक मोकळं असेल तर दुप्पट. एकाच खांबाच्या क्षमतेत, फक्त टोकांच्या अवस्थेमुळे, सोळा पट अंतर पडू शकतं. या सोळा पटींत आपण नेमके कुठे आहोत हे ड्रॉइंगवरचा अभियंता गृहीत धरतो, आणि ते गृहीत खरं ठरवण्याची जबाबदारी मिस्त्रीच्या पान्यावर आणि बीमच्या जोडातल्या सळ्यांवर येऊन पडते.

दुसरा आक्षेप जास्त विचारपूर्वक केलेला असतो. सुरक्षा गुणांकाच्या जागी आता संभाव्यतेवर आधारलेली विश्वासार्हतेची मांडणी आली आहे, मग ही चिंता जुनी झाली नाही का? फ्रॉइडेन्थाल यांनी १९४० च्या दशकात हा विचार रुजवला, कॉर्नेल यांनी १९६९ मध्ये विश्वासार्हता निर्देशांक मांडला, हॅसोफर आणि लिंड यांनी १९७४ मध्ये त्याला पक्की गणिती बैठक दिली. आपल्याकडे आयआयटी मुंबईचे आर. रंगनाथन यांनी या विषयावर पाठ्यपुस्तक लिहिलं. युरोपीय मानक सर्वसाधारण इमारतींसाठी पन्नास वर्षांकरिता ३.८ हा निर्देशांक लक्ष्य म्हणून धरतं. म्हणजे ढोबळमानानं लाखात सात इतकी अपयशाची शक्यता. या पद्धतीविषयी मला आदर आहे, आणि माझ्या मुद्द्याला तिच्याकडून पुष्टीच मिळते. तिचं खरं देणं त्या ३.८ पेक्षा वेगळ्या ठिकाणी आहे. कोणत्या अनिश्चिततेचा निकालावर किती प्रभाव पडतो हे ती दाखवते. बुटक्या खांबात काँक्रीटच्या ताकदीतला चढउतार पुढे असतो. खांब सडपातळ होत गेला की तो मागे सरकतो आणि भाराची विकेंद्रता, टोकांची पकड, ताठरपणा पुढे येतात. काँक्रीटचा ताठरपणा तर ताकदीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात धरतात. ताकद वीस टक्क्यांनी घटली तर ताठरपणा जेमतेम दहा-अकरा टक्क्यांनी घटतो. मात्र लाखात सात हा आकडा मानवी चुकांना हिशेबाबाहेर ठेवून काढलेला असतो. लावायचा राहिलेला आडवा पाईप कोणत्याही घंटाकार आलेखात बसत नाही.

संगणक हे सगळं करतो, असंही म्हटलं जातं. वाकल्यामुळे वाढणारा परिणाम तो खरंच हातानं करता येणार नाही इतक्या बारकाईनं काढतो. पण खांब कुठे धरला आहे हे त्याला आपण सांगतो. अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरातल्या क्रीडागृहाचं भलंमोठं पोलादी छप्पर संगणकाच्या आधारे आखलेलं होतं. बांधताना त्याचा झोळ अपेक्षेपेक्षा दुप्पटीच्या आसपास भरला, तेव्हा हिशेबावर जास्त विश्वास ठेवला गेला. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे, बर्फाच्या भाराखाली ते कोसळलं. काही तासांपूर्वी तिथे सुमारे पाच हजार लोक बास्केटबॉलचा सामना पाहत होते. पहाटेची वेळ म्हणून कुणाचा जीव गेला नाही. तपास करणाऱ्यांचे निष्कर्ष सगळे एकसारखे नव्हते हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण प्रमुख तपासात असं निघालं की वरच्या कॉर्डचे दांडे मध्यावर धरलेले आहेत असं हिशेबात गृहीत होतं, आणि प्रत्यक्षात तिथे पुरेशी पकड नव्हती.

आता आपल्या इमारतींकडे येतो. मुंबई-पुण्याच्या असंख्य जुन्या सोसायट्यांमध्ये खांब २३० मिलिमीटर जाडीचे आहेत, कारण नऊ इंची भिंतीत ते लपतात आणि खोलीत कोपरा बाहेर येत नाही. आपल्या काँक्रीटच्या मानकानुसार परिणामी लांबी जाडीच्या बारा पटींवर गेली की खांब सडपातळ समजायचा. २३० ची बारा पट म्हणजे २.७६ मीटर. वरच्या मजल्यावर बीमखालची उंची २.६ मीटर असलेला खांब, भोवती भिंती आहेत आणि मजला बाजूला सरकू शकत नाही असं धरलं तर, परिणामी लांबीनं १.७ मीटरच्या आसपास येतो आणि निर्धास्तपणे बुटका ठरतो. तोच खांब पार्किंगच्या मोकळ्या तळमजल्यावर उतरला, भिंती गेल्या, मजला बाजूला सरकू शकतो अशी अवस्था आली, की परिणामी लांबी ३.१ मीटरच्या वर जाते आणि तो सडपातळ होतो. मानक मग त्याला जादा आघूर्ण धरायला लावतं, जणू भार मध्यापासून आणखी २१ मिलिमीटर बाजूला सरकला आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात केंद्रबिंदूपासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत मोकळ्या तळमजल्याच्या कितीतरी इमारती बसल्या. तो निव्वळ बकलिंगचा प्रकार नव्हता, भूकंपाचे आडवे धक्के त्यात मुख्य होते. पण वरचे मजले एकमेकांना धरून आणि तळाचे खांब एकाकी, ही अवस्था तीच. भूकंपरोधक तपशिलांच्या मानकानं २०१६ मध्ये खांबाची किमान जाडी ३०० मिलिमीटर केली, ते योग्यच झालं. आधी उभ्या राहिलेल्या इमारतींना मात्र आपल्या २३० मध्येच राहायचं आहे. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची सिद्धी-साई इमारत कोसळून १७ जण गेले, तेव्हा तळमजल्यावरच्या बदलकामात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. दुकान मोठं करायला भिंत काढणारा माणूस आपण फक्त विटा काढतो आहोत असं समजतो. त्या भिंतीनं कुणाला धरून ठेवलं होतं, हे त्याला सांगणारं कुणी नसतं.

याहून लहान प्रमाणावर हीच गोष्ट प्रत्येक खांबाच्या पोटात चालू असते, आणि समुद्राजवळच्या शहरांत ती फार महत्त्वाची आहे. काँक्रीटमधली उभी सळई हीसुद्धा दोन रिंगांमधला एक सडपातळ खांबच आहे. १६ मिलिमीटरची सळई असेल तर मानक रिंगांमधलं अंतर सळईच्या व्यासाच्या सोळा पटींहून जास्त ठेवू देत नाही, आणि खांबाच्या जाडीहूनही नाही. २३० च्या खांबात म्हणून २३० मिलिमीटरच. रिंग सळईपेक्षा बारीक आणि पृष्ठभागाच्या जास्त जवळ, त्यामुळे खारी हवा आणि ओल आधी तिच्यापर्यंत पोचते. प्लॅस्टर फोडल्यावर कोपऱ्यात गंजून तुटलेली रिंग दिसते आणि शेजारची उभी सळई अजून जाडजूड वाटते, म्हणून मन निश्चिंत होतं. पण ती एक रिंग तुटली म्हणजे सळईची विनाआधार लांबी दुप्पट झाली. बाहेरचं काँक्रीट आधीच सुटलेलं असेल तर ती सळई बाहेरच्या बाजूला फुगून लचकायला मोकळी असते.

स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये हे किती दिसतं? मुंबई महापालिकेच्या कायद्यानं तीस वर्षं झालेल्या इमारतींना ऑडिट बंधनकारक आहे, आणि त्याबद्दल मला समाधान वाटतं. अहवालात रिबाउंड हॅमरचे आकडे असतात, अल्ट्रासॉनिकचे असतात, काढलेल्या कोअरची ताकद असते, कार्बोनेशनची खोली असते. हे सगळं मालाविषयी. खांब ओळंब्यातून किती बाहेर आहे, मूळ नकाशातल्या कोणत्या भिंती आज जागेवर नाहीत, खांबाच्या माथ्याशी जोडाला तडे आहेत का, किती रिंगा शाबूत आहेत, हे स्वतंत्र पानावर, आकड्यांत क्वचितच आढळतं. कुणी म्हणेल, प्रत्येक खांब मोजायला खर्च कोण करणार? ओळंबा लावायला लागतो तो एक माणूस, एक दोरी, एक लोलक आणि प्रत्येक खांबाला दहा मिनिटं. कोअर काढण्याच्या खर्चाशी त्याची तुलनाच होत नाही. पोलादी खांबासाठी तर साउथवेल यांनी १९३२ मध्येच सोपा मार्ग दाखवला: भार थोडा थोडा वाढवत जा, प्रत्येक टप्प्यावर बाक मोजा, बाक भागिले भार या गुणोत्तराचा बाकाशी आलेख काढा. बिंदू सरळ रेषेत येतात आणि त्या रेषेच्या चढावरून लचकण्याचा भार कळतो, खांब न मोडता. काँक्रीटला तडे गेले की ही रीत तितकी चोख राहत नाही, पण बाक वाढतो आहे की थांबला आहे हे तिथेही मोजता येतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. इमारतीचा भोगवटा दाखला देताना तळमजल्यावरच्या प्रत्येक खांबाची, दोन्ही दिशांतली, ओळंब्याची नोंद त्या फाइलमध्ये असावी. खांबाचा क्रमांक, वरचं माप, मधलं माप, खालचं माप, तारीख आणि मोजणाऱ्याची सही. त्याच पानावर कोणत्या भिंती खांबांना धरून आहेत त्यांची यादी असावी, म्हणजे उद्या कुणी ती भिंत काढायला निघाला तर सोसायटीच्या सचिवाला ते पान त्याच्यापुढे ठेवता येईल. दुमजली सेंटरिंगसाठी ओतकामाच्या आदल्या दिवशी आडव्या पाईपांच्या ओळी आणि त्यांचे क्लॅम्प मोजून लिहिलेला कागद असावा, आणि तो हातात आल्याशिवाय काँक्रीटची गाडी गेटातून आत घेऊ नये. ज्या इमारतींकडे सुरुवातीची नोंद नाही, म्हणजे आज उभ्या असलेल्या जवळपास सगळ्याच, त्यांनी पहिली नोंद आज करावी. तीस वर्षांच्या ऑडिटला येणाऱ्या अभियंत्याला तेव्हा दोन मापं मिळतील आणि त्यांच्यातला फरक किती आहे हे त्याला विचारता येईल.